ठकुबाईच्या शेतातले पत्र्याचे गडी

राजकोटजवळ, गुजरात
१२ सप्टेंबर २०२४

रखमाजी तात्यांना,

तुमच्या ओट्याखाली चपला काढून गोरखचा नमस्कार. तुमचे गुडघे, म्हैस, रत्ना वहिनी, सगळी धड असतील असं धरून लिहितो. मी बरा आहे.

तुमच्याशी फोनवर बोलणं म्हणजे डोंगराशी बोलणं. आखाडात केला होता तेव्हा तुम्ही "कोन, लाईटवाला का?" म्हणालात आणि मीटरचं सगळं भांडण माझ्यावर काढून फोन ठेवलात. जन्मभर पत्रा बडवल्यावर कान कुठून राहणार! म्हणून कागद घेतला. अक्षर वाकडं वाटेल. हितं टेबल नाही, गुडघ्यावर धरून लिहितोय. सूनबाईंना, म्हणजे रत्ना वहिनींना वाचायला देऊ नका. तुमच्या चष्म्यानं तुम्हीच वाचा, दोन दिवस लागले तरी चालतील.

काम एवढंच आहे, माझा गडी करायचा.

आता तुम्ही तंबाखू थुंकून हसाल. सगळ्या खोऱ्यातले पत्र्याचे गडी गोळा करत हिंडला, आणि स्वतःचा करायचं म्हटलं की लांब पळायचा, त्याला आज काय झालं? खरं आहे. शिरवळला कामाला गेलो तेव्हा म्हणालो, माझा नको, हा आलोच. चाकणला गेलो तेव्हा तेच. सुरतेला निघालो तेव्हा तर तुम्ही कात्री घेऊन बसला होता, मी मागल्या दारानं एसटीला गेलो. तुम्ही मला पत्रा कापायला शिकवायला बसवायचात तेव्हासुद्धा मी दोन दिवस बसायचो, तिसऱ्या दिवशी पसार. "तुज्या ढुंगनाला चाकं हायती, तुजा गडी केला तर पत्राबी पळून जाईल," हे तुमचंच बोलणं.

हितं माझ्या खोलीत उत्तर प्रदेशचा एक पोरगा आहे. त्याला एकदा मी सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, आमच्याकडं भाताला रानडुकरं लई. घरचा माणूस बाहेरगावी कामाला गेला की तेलाचे डबे उलगडून त्याच्या मापाचा, त्याच्या तोंडावळ्याचा गडी कापतात, त्याच्याच शर्टाचा रंग देतात आणि बांधावर उभा करतात. हात खांद्याला एका रिबिटावर सुटे ठेवतात. वारा आला की हात हलतात, पत्र्यावर पत्रा वाजतो, डुक्कर माघारी जातं. माणूस परत आला की त्यानं जेवायच्या आधी शेतात जायचं आणि आपला गडी आपल्या हातानं उतरवायचा. एकाच माणसानं घरात पण असायचं आणि शेतात पण, असं चालत नाही. उतरवलेला गडी पुन्हा लावत नाहीत. भंगारातही घालत नाहीत, कारण माणसाचं रूप किलोवर विकायचं नसतं. तो गोठ्यामागं पालथा पडतो आणि गंजतो. असे पडलेले मी मागून आणतो, घासतो, माळ्यावर ठेवतो.

त्यानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग तुझ्या शेतात तूच उभा असशील ना?"

मी म्हटलं, नाही. तो बालदी घेऊन कपडे धुवायला गेला.

आईनं काय केलं ते सगळ्या वाडीला माहीत आहे. पण मला तिनं फोनवर सांगितलं ते असं, की जणू दळण आणलं. "डुकरांनी खालचं खाचर उलथं केलं. म्हनून माळ्यावरचे तुजे समदे गडी काढले आन लावले."

मी म्हटलं, सगळे?

"समदे. माळाबी मोकळा झाला."

तात्या, माझा जीव खालीवर झाला. मार्गासनीचा तो फेटेवाला मी सायकलला उभा बांधून आणला होता, वाटेत दोघातिघांनी त्याला रामराम घातला. उत्रोलीच्या बाळाबाईनं केलेली हिरव्या लुगड्याची बाई त्यात आहे. बाळाबाईनं जन्मभर बायकाच कापल्या, चिमण्या बाईमाणसालाच भितात म्हणायची. तिच्या लुगड्याच्या काठाला काडेपेटीच्या काडीनं दिलेले ठिपके आहेत. पाऊस लागला तर आधी तेच जातील. आणि भोरच्या मौलाली चाचांनी केलेला बँडवाला! त्याला शेतातलं काय कळतं? तो बिचारा बँडच्या दुकानावर होता, दोन्ही डोळे एकाच बाजूला, हातात पिपाणी. तो आता गुडघाभर चिखलात उभा आहे.

बाकीचे सगळे तुमचे. तुमचे मला रस्त्यावरून ओळखू येतात. सगळ्यांना तुमचंच नाक असतं. मी एकदा तसं म्हटलं तर तुम्ही वहिनींकडून आरसा मागवला होता. आणि दुसरं म्हणजे पंजा. बाकीचे लोक पंजा म्हणून उलथणं कापतात. तुम्ही पाची बोटं सुटी काढता, नखं रंगवता, मग गडी हातावेगळा करता. मी एवढे गोळा केले, पण बोटं मोजायला लावील असा गडी तुमच्याशिवाय कुणाचा नाही.

तर आमच्या वाडीतल्या कुमारदादाचा गडी पण त्यात लागला. मग त्याची बायको, सुलक्षणा वहिनी, भांडायला आल्या. आईनं दोघींचे आवाज काढून मला ऐकवलं.

"ओ ठकुबाई, माजा नवरा घरात जेवतोय आन तुमच्या शेतात उभा हाय. लोकं काय म्हंतील?"

"घरातला हालतोय का कामाला? ह्यो तरी उभा हाय."

"आदी काढा त्याला!"

"भात निघाल्यावर काढीन. तवर ऱ्हाऊ दे गं. सोभावाला लई चांगला हाय, येक शबुद बोलत न्हाई."

नंतर कुमारदादा एकटाच आला म्हणे. पत्र्याला भरगच्च केस आणि हा पार टकला. बघत राहिला, आणि जाताना आईला म्हणाला, "काकू, ऱ्हाऊ दे ह्याला. बरा दिसतोय."

फोनवर मी लई हसलो. आई पण हसली. मग म्हणाली, "वाडी इचारती, समद्यांचे गडी लावले, गोरखचा का न्हाई करत? म्या म्हनलं, त्याचा कशाला? त्यो येतोय की दिवाळीला, भात काढाया."

मी हं म्हटलं.

आता माझं माप लिहून घ्या. उंची तीच, तुमच्या चौकटीला डोकं लागायचं तेवढी. अंगानं जरा सुटलोय, कारण बसून असतो. मशीनवरचं काम सोडलं, आता कारखान्याच्या गेटवर आहे. बढतीच म्हणा. खुर्ची आहे, डोक्यावर पंखा आहे. गाड्यांचे नंबर दुसरा पोरगा लिहितो, मी फाटक ओढतो. शर्ट निळा करा, पण हा कंपनीचा नको. मी भोरच्या बाजारातून घेतलेला तो चौकड्यांचा करा. मिशी ठेवलीय, बारीक. गालावर हल्ली दाढी करताना कापतं, त्या खुणा दाखवायची गरज नाही. पायात चपला दाखवा, अनवाणी नको, आई म्हणेल पोराकडं चपला नाहीत. डाव्या मनगटाला तिनं बांधलेला काळा दोरा आहे अजून. डावा हात नेहमीसारखाच.

उजव्याचं पुढं सांगतो.

हितं पण मी एक गोळा केलाय, ते सांगायचं राहिलं. इकडं मोटरसायकलचं तोंड असलेले छकडे, म्हणजे तीनचाकी रिक्षा, असतात, लई सजवलेले. एक मोडीत निघाला होता, त्याच्या टपावर पत्र्याचा मोर. कुणी केला विचारलं तर रिक्षावाल्याचा भाऊ म्हणाला, आमच्या बापानं, तो कोंबड्या विकायचा. म्हणून मोराची मान कोंबडीसारखी आहे. मी हसलो तसा तोही हसला आणि देऊन टाकला. माझ्या उशाशी असतो. सुट्टीच्या दिवशी गंज खरवडत बसतो. पूर्वी एका दुपारीत झालं असतं, आता महिना झाला तरी एक पंख राहिलाय.

खोलीत पाच जण आहोत. सगळे व्हिडिओवर घरी बोलतात, लेकरं दाखवतात, काय जेवले ते दाखवतात. आई पण म्हणते, तोंड दाखव. शेजारच्या पोराचा फोन घेऊन बसते. मी सांगतो, माझ्या फोनचा कॅमेरा फुटलाय. फोटो धाड म्हणाली की जुने पाठवतो. माझा फोन नवाकोरा आहे, तात्या.

आता उजवा हात.

वैशाखातली गोष्ट आहे. ताटल्या दाबायचं मशीन होतं. पत्र्याचं काम म्हणून मी खुशीनं लागलो होतो, सगळ्या जन्मात एकाच ठिकाणी एवढे दिवस टिकलो. वरून साचा येतो, खाली पत्रा सरकवायचा. एक पत्रा वाकडा गेला. पत्रा वाकडा गेला की तुम्ही काय करता? बोटानं सरळ करता. माझाही हात तसाच गेला. तुमचा दोष काढत नाही. मशीनला तुमच्या कात्रीएवढी पण दया नसते, एवढंच.

अंगठा आहे. करंगळी आहे. मधली तिन्ही नाहीत.

मालकानं दवाखान्याचं सगळं केलं, कामावरून घालवलं नाही, गेटवर बसवलं. आता हे मी डाव्या हातानं लिहितोय. टेबल नाही हे पण खरं आहे, पण अक्षर त्यामुळं वाकडं नाही.

आईला सांगितलेलं नाही. पहिल्या दिवशी नाही सांगितलं, मग दुसऱ्या दिवशी कालचं का नाही सांगितलं हे सांगावं लागलं असतं, असं करत करत पावसाळा सरत आला. बाबा जन्मात कधी कुठं गेले नाहीत, म्हणून त्यांचा गडी झाला नाही. गेले ते एकदमच गेले. तेव्हापासून ती भात लावते ती, गोरख येईल काढायला, ह्या हिशोबानं लावते. दिवाळीला मी आलो आणि तिनं विळा पुढं केला तर मी काय करू? तिचं तोंड त्या वेळी कसं होईल ते मी हितं गेटवर बसून इतक्या वेळा बघितलंय की आता फाटक ओढताना पण दिसतं.

म्हणून माझं ऐका. गडी करा आणि उजव्या पंजाला अंगठा अन् करंगळी तेवढी काढा, मधलं सपाट कापून टाका. लाल रंग वगैरे काही नको. गर्दीत लावू नका, आमच्या घराकडून शेतात उतरताना पहिला दिसेल असा लावा. आई बघेल. विचारील. तुम्ही म्हणा, गोरखनं असाच करायला सांगितला. तिला कळेल. तिचं जे काही व्हायचं ते पत्र्यासमोर होऊन जाईल. रडणं उरकलं की मी येतो.

तुमच्यावर काय येणार ते कळतं मला. लोक म्हणतील म्हाताऱ्याची नजर गेली, बोटं कापायची राहिली. ज्याचा पंजा बघायला लोक थांबतात त्यालाच मी हे सांगतोय. पण मला दुसरं कोण आहे? कारखान्यातल्यांना माहीत आहे, त्यांना आता नवल नाही. आणि घरी ज्यांना नवल वाटेल त्यांना माहीत नाही. मधल्यामधी तुम्ही एकटे आहात.

पावसानं उघडीप दिली की रंगाला घ्या. ओल्यात ऑइलपेंट धरत नाही, हे तुम्हाला मी सांगायचं का!

फाटकावरून,
तुमचा पळपुटा गोरख


राजकोटजवळ
२१ ऑक्टोबर २०२४

रखमाजी तात्या,

नमस्कार आहेच, पण आधी भांडण.

तुमचं कार्ड आलं. मी ते खिशात घेऊन हिंडतोय, पाठ झालंय. "गडी केला. उजवा पंजा कोरा ठेवलाय, येक बी बोट कापलं न्हाई. कमी बोटाचा म्या करनार न्हाई आन जास्ती बोटाचाबी करनार न्हाई. तू तुज्या तोंडानं आईला सांग. मंग म्हनशील तेवढी कापीन." खाली सही, आणि सहीखाली, "म्हस गाभन हाय."

बरं, कोरा ठेवलात तर तो घरी ठेवायचा होता. तुम्ही कार्ड टाकलं आणि दुसऱ्या दिवशी गडी आमच्या बांधावर लावून पण आलात!

आईचा फोन लगेच आला. "ह्यो कुनी लावाया सांगितला?"

मी म्हटलं, मी.

"म्हंजी तू येत न्हाईस दिवाळीला."

मी म्हटलं, तसं नाही, काम आहे, बघू.

मग ती तुमच्या दारात आली होती म्हणे. वहिनींनीच मला फोन करून सांगितलं. "तात्या, समद्या खोऱ्याला धा-धा बोटं कापलीत, आन माज्याच पोराच्या हाताची थापी केली व्हय?" असं ओरडली, आणि तुम्ही म्हणालात, "व्हय व्हय, दिवाळीच्या आत व्याईल." म्हशीचं! तात्या, समोर उभं राहून ओरडलेलं तुम्हाला ऐकू येतं. मला माहीत आहे, वहिनींना माहीत आहे, आणि आईलाही माहीत आहे. पण ती तुमच्याशी हुज्जत घालत बसली नाही. वहिनींकडून तुमची जुनी कात्री मागून घेऊन गेली. का मागते ते कुणी विचारलं नाही.

गेल्या शुक्रवारी तिचा फोन आला तो शेतातूनच. आवाज एकदम खुशीतला.

"म्हातारं थकलं आता. त्येनं न्हाई कापली तर काय अडतंय? म्या कापली."

"काय कापलं?"

"बोटं. तुजी. लावलाच हाय तर धड तरी दिसू दे की. पाच कापली. जरा जाड झाली, अंगठा कंचा आन करंगळी कंची ते कळत न्हाई, माजा हात बी कापला वाईच. पन पाच हायती. आता हलतोय बग हात. थांब, आयकवते."

आणि तिनं फोन पत्र्यापुढं धरला. वारा असणार. टण, मग थोडं थांबून टण. मी हितं फाटकाला धरून उभा. ट्रकवाला हॉर्न मारत होता, मी त्याला हातानं थांब म्हटलं, त्याच हातानं. तिनं फोन परत कानाला लावला. "आयकू आलं का? कसा वाजतोय?"

ह्याच्यावर काय म्हणणार होतो मी, तात्या? छान वाजतोय म्हणणार होतो. तेच तोंडाशी आलं होतं.

मी म्हटलं, "आई, तीन जास्त झाली."

"आं?"

"तीन बोटं जास्त कापलीस. मधली."

मागं पत्रा वाजत होता. मला वाटलं लाईन तुटली, फोन डोळ्यापुढं धरून बघितला तर चालू होता.

मग म्हणाली, "कवा?"

"वैशाखात."

"आता आश्विन सरत आला." एवढंच म्हणाली. मग, "दुखतंय?"

"आता नाही. थंडीत ठणकेल म्हणतात."

"भाकरी कशी मोडतोस?"

"डाव्या हातानं."

"डाव्या हातानं खातोस?"

"व्हय."

"आन लोकं बघत्यात?"

"बघतात."

तिनं फोन ठेवला. रडली नाही, ओरडली नाही. मी वैशाखापासून तिच्या रडण्याची तयारी करून बसलो होतो, आणि ह्याची नव्हती केली. ट्रक आत घेतला. दुसरा घेतला. फोन लावावा वाटला, पण लावून बोलायचं काय? त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी पण तिचा फोन नाही. खोलीतला तो पोरगा मला म्हणाला, काय झालं रे, कुणी गेलं का? मी नाही म्हटलं. मोराचा राहिलेला पंख घासायला घेतला आणि त्याचा रंगच खरवडून टाकला. खाली लोखंड लागलं तेव्हा कळलं.

काल फोन आला.

"गडी काढला म्या."

"कुणाचा?"

"तुजा. आनी कुनाचा?"

मी म्हटलं, "आई, तो माणूस आल्याशिवाय काढत नाहीत. आणि ज्याचा त्यानं काढायचा असतो."

"मला शिकवतोस व्हय? ठावं हाय मला."

"मग डुकरं आली म्हणजे?"

"बाकीचे हायती की. कुमार हाय, फेट्यावालं हाय, त्यो पिपानीवाला हाय. राखत्याल त्ये. तुजी जागा तेवडी मोकळी ठेवली."

मी म्हटलं, "आई, मला विळा धरता येणार नाही."

"विळा धर कोन म्हनलं तुला? कापाया म्या हाय, सुलक्षणा येती म्हनली. पेंड्या बांधाया येत्यात का तसल्या हातानं?"

"माहीत नाही."

"मंग येऊन बग."

आणि पुन्हा ठेवला. हल्ली तीच आधी ठेवते.

मालकाकडं गेलो होतो. सुट्टी मिळाली. येत्या शुक्रवारच्या गाडीनं निघतो. खोलीतल्या पोरांना सांगितलं घरी जातोय, तर एक जण माझ्या आईसाठी इकडची साडी घ्यायला चल म्हणून मागं लागला. जाऊन आलो. हिरवी घेतली. तिला आवडणार नाही, काठ लई मोठा आहे.

आता तुमचं काम. कात्री घेऊन बसू नका. मी सांगेन तेवढी कापीन म्हणालात, तर मी सांगतो, एकही कापायचं नाही. ती पाची तशीच राहू द्यात. तुमच्या हातचा गडी आणि त्याला आईच्या हातची बोटं, असा दुसरा सगळ्या भोर-वेल्ह्यात सापडणार नाही. एवढी वर्षं हिंडलो, मला विचारा. तिनं तो माळ्यावर भिंतीकडं तोंड करून ठेवलाय. पालथा नाही ठेवला, हे तिनं दोनदा सांगितलं. माझ्या गोळा केलेल्यांत तो धरायचा का नाही ते आल्यावर बघू. धुवायचा मात्र नाही. तिचा हात कापला होता, ते कुठं लागलं असेल तर राहू दे.

तुमच्यावरचा राग गेला असं अजून म्हणत नाही. तुम्ही सपाट कापून दिला असता तर हे सगळं तुमच्या तोंडून झालं असतं आणि मी नुसता आलो असतो. आता मला अर्धं सांगून उरलेलं दाखवायला यायचंय.

शनिवारी नसरापूरला उतरून वेल्ह्याची एसटी धरीन. आईला म्हटलं रस्त्यावर येऊन उभी राहू नकोस. राहील ती. एसटीच्या पायऱ्या उतरताना उजव्या हातानं दांडी धरावी लागते, नाहीतर हात खिशात घालून उडी मारावी लागते. त्या दोन्हीतलं मी काय करीन ते आज मला सांगता येत नाही. लई भ्यालोय, तात्या.

ह्या पत्त्यावर उत्तर धाडू नका, मी हितं नसेन.

ठकुबाईचा,
गोरख